मंजूर बाक

आपल्याच घराचा दरवाजा किती रुंद आहे हे माणूस विसरेल का? एरवी नाही विसरणार. पण स्प्रिंगमामा विसरले, आणि पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

स्प्रिंगमामा म्हणजे सोफे शिवणारे कारागीर. कोच, आरामखुर्च्या, दवाखान्यातली बाकं, नाटकगृहातल्या खुर्च्या, जे जे म्हणून माणसाच्या बुडाखाली येतं ते सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. ओळीतल्या बारा घरांत त्यांचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. त्यामुळे त्यांच्या बायकोला सगळे आपोआपच मामी म्हणायचे. मामांचं ठाम मत असं, की तोंडाने माणूस वाट्टेल ते सांगेल, पण बसताना त्याला थापा मारता येत नाहीत. कडेला टेकून बसणारा काहीतरी लपवतोय. धपकन बसणाऱ्याला घरी कुणी विचारत नाही. आणि बसण्याआधी रुमालाने खुर्ची झटकणाऱ्याशी संसार होणं कठीण. मुलीने घरी आणलेले दोन तरुण त्यांनी याच परीक्षेत नापास केले होते. तिसरा नीट बसला, तो जावई झाला आणि मुलीला घेऊन दुसऱ्या शहरात गेला.

ओळीतली घरं एकमेकांना अगदी चिकटून होती. सहा नंबरात खिळा ठोकला की सात नंबरातलं कॅलेंडर पडायचं. मामांचं घर सात नंबरचं. खाली पुढची खोली, मग पडदा, मग स्वयंपाकघर, आणि वर दोन खोल्या. पुढच्या खोलीत खिडकीपाशी मामांची खुर्ची. ती त्यांनी स्वतःसाठी केली होती, आठ महिने खपून. पाठीला कुठे किती टेकू हवा, मान कुठे विसावते, कोपर कुठे येतं, सगळं मोजून. खाली चार लहान चाकंही लावली होती, म्हणजे ऊन सरकेल तशी खुर्ची सरकवता येते.

रोज चार वाजता मामा कारखान्यातून यायचे, हातपाय धुवायचे आणि त्या खुर्चीत बसून डोळे मिटायचे. मामी चहा आणून ठेवायच्या आणि आत निघून जायच्या. घरात चिडीचूप. अर्धा तास मामांना कुणी हाक मारायची नाही, असा नियम कुणी केला नव्हता, पण एकतीस वर्षं पाळला गेला होता. आयुष्यात यापलीकडे काही मिळवायचं असतं असं मामांना कधी वाटलं नाही.

"आमची ही मुळातच अबोल," ते कारखान्यात सांगायचे. "नशीब लागतं."

तर झालं असं, की शहराच्या बसखात्याने थांब्यांवरची बाकं बदलायचं ठरवलं, आणि नमुन्याचं बाक करायचं काम मामांकडे आलं. कारखान्यात तेव्हा नाटकगृहाच्या तीनशे खुर्च्या पाय वर करून पडल्या होत्या, पाऊल टाकायला जागा नव्हती. मामा म्हणाले, घरीच करतो. अकरा दिवस ते पुढच्या खोलीत राबले. सात फूट लांब, उंच पाठ, दोन्ही टोकांना हात टेकायला गोल दांडे. पक्क्या लाकडाचा सांगाडा, सांध्यात खुंट्या, खुंट्यांवर सरस. अठ्ठावीस स्प्रिंगा, त्यावर काथ्या, त्यावर फोम, वरून गडद हिरवं रेक्झिन. शेजारचे हेडमास्तर, म्हणजे निवृत्त होऊन नऊ वर्षं झालेले पण अजून शाळा न सुटलेले गृहस्थ, रोज खिडकीतून डोकावून "छान, छान" असा शेरा देऊन जायचे.

बाराव्या दिवशी चार हमाल आले. बाक उचललं आणि दरवाज्यापाशी नेलं. तिथे गाडी अडली.

आडवं घालून पाहिलं. उभं करून पाहिलं. तिरकं करून पाहिलं, तेव्हा एक हमाल बाकाच्या आणि भिंतीच्या मध्ये सापडला आणि त्याला सोडवण्यातच पाऊण तास गेला. हेडमास्तर बाहेरून सूचना देत होते, "डावीकडे! अहो, तुमच्या डावीकडे!" खिडकीला लोखंडी गज. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांच्याही मालकीच्या. बाक घरात उपजलं होतं आणि घरातच राहणार होतं.

"सुटं करा की," हमाल घाम पुसत म्हणाला.

"माझं काम सुटत नाही," मामा म्हणाले. हेच वाक्य अकरा दिवस ते छाती फुगवून सांगत होते. आज आवाज जरा बारीक निघाला.

बाक खात्याकडे जाईना, तेव्हा खात्याचे तपासनीस बाकाकडे आले. काखेत जाडजूड नियमपुस्तक, खिशात शिक्का. चेहरा असा, की जन्मल्याबरोबर यांनी आधी पाळण्याची तपासणी केली असणार. त्यांनी बाक चहूबाजूंनी मोजलं, खाली वाकून पाहिलं, नाक लावून वासही घेतला. मग परीक्षा म्हणून बसले. बसले ते टेकले, टेकले ते मिटले, आणि दीड तास घोरत पडले. मामी दोनदा चहा गरम करून घेऊन आल्या आणि दोनदा परत नेला. जागे झाल्यावर तपासनिसांनी बाकाच्या पाठीवर ठळक शिक्का मारला, "मंजूर".

मामांना भरून आलं.

"आता हे सरकारी झालं," तपासनीस पुस्तक चाळत म्हणाले. "आणि नियम असा आहे, की मंजूर बाक थांब्याखेरीज कुठेही ठेवता येत नाही."

"पण साहेब, ते दारातून जात नाही."

"कापून नेता येईल?"

"येईल की. करवत आणतो."

"हात लावू नका! मंजूर बाक विनापरवाना कापणं हा गुन्हा आहे." तपासनिसांनी आणखी चार पानं उलटली, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे बाक थांब्याकडे येऊ शकत नाही. हरकत नाही. मग थांबा बाकाकडे येईल."

मामांना वाटलं, गंमत करतायत. पण तपासनिसांच्या घराण्यात गंमत कुणी केलीच नव्हती.

सोमवारी सकाळी सहा वाजता दोन माणसं कोपऱ्यावरचा थांब्याचा खांब उपटून खांद्यावरून घेऊन आली आणि त्यांनी तो मामांच्या पुढच्या खोलीत, खिडकी आणि बाकाच्या मध्ये रोवला. वरची गोल पाटी पंख्याला लागत होती, म्हणून पंखा बंद ठेवायचा लेखी आदेश दिला. मामा खुर्चीत बसून हे सगळं बघत होते. तेवढ्यात तपासनिसांची नजर खुर्चीच्या पायांकडे गेली.

"याला चाकं आहेत?"

"आहेत. उन्हासाठी."

"चाकं असतील तर वाहन. थांब्यापासून दहा फुटांच्या आत खाजगी वाहन उभं करता येत नाही."

मामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोली उणीपुरी अकरा फुटांची. वाद घालून घसा बसला, तेव्हा खुर्ची ढकलत पडद्याच्या मागे न्यावी लागली, स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यांच्या आणि मोरीच्या मधे. ती तिथे अशी दिसत होती, जसा चांगल्या घरचा पाहुणा चुकून जिन्याखाली झोपवलाय.

मग माणसं यायला लागली.

आधी बिचकत आली. कोपऱ्यावर लावलेल्या नव्या पाटीवर पत्ता वाचून दारात उभी राहायची, चपला काढायच्या की नाही या विचारात. पहिल्या दिवशी तीन, दुसऱ्या दिवशी नऊ, आणि आठवड्याच्या आत पाच नंबर आणि बारा नंबर या दोन्ही बसचे सगळे प्रवासी सात नंबरच्या घरात येऊन बसायला लागले. रांग लागली तर बाहेर पायऱ्यांवर. बस दारासमोर उभी राहून भोंगा वाजवायची, की हिरव्या बाकावरची माणसं उठायची आणि रांगेतली आत यायची. दवाखान्यातली नर्सबाई पहाटपाळी संपवून यायची आणि एक बस मुद्दाम सोडायची, कारण तिला बाकावरून उठवत नसे. एक टायपिस्ट पाच नंबरने जायचा तो बारा नंबरने जायला लागला. बारा नंबर त्याच्या कचेरीच्या उलट्या दिशेला जायची, पण ती उशिरा सुटायची. हेडमास्तरांना कुठेच जायचं नव्हतं, तरी ते रोज रांगेत उभे राहायचे आणि आपला नंबर आला की शिस्तीत बसायचे.

मामांनी अर्ज लिहायला घेतला. "माझ्या राहत्या घरातून सदर थांबा त्वरित हलवावा." त्यांना त्यांची चार वाजताची खोली परत हवी होती. यात काय चुकलं? एकतीस वर्षांत त्या माणसाने दुसरं काही मागितलं नव्हतं. अर्जाची त्यांनी सात पानं लिहिली आणि स्वतः जाऊन देऊन आले.

उत्तर यायला तीन आठवडे लागणार होते. तोवर मामा चार वाजता मागच्या दाराने घरात शिरायचे, मोरीशेजारच्या खुर्चीत बसायचे आणि डोळे मिटायचे. पण डोळे मिटले तरी कान उघडेच राहतात. पडद्यापलीकडे कुणीतरी बाई बोलत होती. खणखणीत आवाज, मधेच हशा, मधेच टाळी. मामांना वाटलं, नर्सबाई असेल. दोन दिवस त्यांना तसंच वाटत राहिलं. तिसऱ्या दिवशी चहा आला नाही म्हणून त्यांनी पडद्याची कड जरा बाजूला केली.

बोलत होत्या मामी.

नुसत्या बोलत नव्हत्या. खोलीच्या मधोमध उभ्या राहून, खांबाला एका हाताने धरून त्या मामांची नक्कल करत होत्या. "एकदा यांच्या मालकाचे वडील गेले. आम्ही भेटायला गेलो. सगळे रडतायत. हे बसले, आणि बसल्याबरोबर यांचा चेहरा बदलला. मला वाटलं, चला, यांनाही वाईट वाटलं. तर हे हळूच खाली वाकले," इथे मामी वाकल्या, अगदी मामांसारख्या, एक हात कमरेवर ठेवून, "सोफ्याचं कापड उचललं, आणि त्या मालकाला म्हणाले, 'सुतळी कच्ची आहे हो. वडील हळू बसायचे म्हणून टिकला.'"

बाक गदगदा हललं. टायपिस्टच्या डोळ्यांत पाणी आलं. बाहेर बस भोंगा वाजवत होती आणि कुणी उठत नव्हतं. ड्रायव्हर शेवटी उतरून आत आला आणि म्हणाला, "पहिल्यापासून सांगा."

मामांनी पडदा सोडला. त्यांना राग आला, अगदी कानशिलं तापली. पण रागाच्या खाली दुसरंच काहीतरी टोचत होतं. आवाज. हा आवाज या घरात होता कुठे इतकी वर्षं?

रात्री जेवताना त्यांनी विषय काढलाच. "तुला इतकं बोलता येतं?"

"येतं की."

"मग मला कधी काही सांगितलं नाहीस ते?"

मामींनी त्यांच्या ताटात भाजी वाढली. "तुम्ही येता आणि डोळे मिटता. मिटल्या डोळ्यांना काय सांगायचं?"

"डोळे मिटून पण ऐकू येतं."

"हो? मग सांगा, या एकतीस वर्षांत मी काय काय म्हणाले?"

मामांनी आठवून पाहिलं. "चहा ठेवलाय" एवढंच आठवलं. ते मान खाली घालून जेवत राहिले, आणि त्या दिवशी त्यांनी भाजी पुन्हा मागितली नाही.

तरी अर्ज काही मागे घेतला नाही. माणसाचा हट्ट म्हणजे काय! मामांनी मनाची समजूत घातली, की थांबा गेला की सगळं पहिल्यासारखं होईल. मग रात्री कूस बदलताना त्यांना आठवायचं, की पहिल्यासारखं म्हणजे मामी पुन्हा गप्प. मग ते दुसऱ्या कुशीवर वळायचे.

चौथ्या आठवड्यात, गुरुवारी चारच्या सुमाराला, तपासनीस आदेश घेऊन आले. खोली भरलेली होती. त्यांनी खांबापाशी उभं राहून मोठ्याने वाचलं, "अर्जदाराची मागणी मान्य. मंजूर बाक खुद्द कारागिराने आपल्या हाताने, शिक्क्याच्या मधोमध, प्रवाशांच्या समक्ष कापावे. बाक नष्ट होताच थांबा पूर्ववत कोपऱ्यावर नेण्यात येईल."

नर्सबाई उठली, तिने पिशवी खांद्याला लावली. टायपिस्ट उठला. हेडमास्तर सर्वांत शेवटी उठले आणि उगाचच बाकाला नमस्कार केल्यासारखं करून भिंतीला टेकले. मामा वरून करवत घेऊन आले. मामी रिकामे कप गोळा करत होत्या.

"कापू ना गं?" मामांनी विचारलं.

"तुमचं बाक. तुमचं घर," मामी म्हणाल्या. आवाज बारीक, सपाट. एकतीस वर्षं ओळखीचा तोच आवाज. कप घेऊन त्या पडद्यामागे गेल्या.

मामा गुडघ्यावर बसले. करवत टेकवण्याआधी त्यांनी बैठकीवरून तळहात फिरवला. ही त्यांची सवय. काम मोडायचं असलं तरी हात आधी फिरायचाच. उजव्या टोकापासून हात सरकत आला. पहिल्या तीन जागा टणक, जशा केल्या तशाच. बरोबर आहे, प्रवासी बसून बसून बसणार किती, दहा-पंधरा मिनिटं. पण डाव्या टोकाला, पडद्याच्या बाजूला, हात एकदम खाली गेला.

तिथे खळगा पडला होता. मामांनी दोन्ही हातांनी चाचपला. इतका खळगा पडायला माणूस रोज तास न् तास बसावा लागतो. आणि हा जो कोण होता तो कडेला टेकलेला नव्हता. पार मागे रेलून, एक पाय वर घेऊन बसला होता. उठायची घाई नसलेलं, कुणाची हाक येईल ही धास्ती नसलेलं, घरच्यासारखं बसणं. अशी बसलेली माणसं मामांनी आयुष्यात फार थोडी पाहिली होती.

"इथे कोण बसतं?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"मामी बसतात," नर्सबाई म्हणाली. "दुसरं कोण?"

मामांचा हात तिथेच राहिला. मामी कशा बसतात हे त्यांना डोळ्यांसमोर आणता येईना. ते अख्ख्या शहराची बसण्याची ढब सांगू शकत होते, जावयाची, मालकाच्या मेलेल्या वडिलांचीसुद्धा. बायकोची आठवेना. ती ओट्यापाशी उभी आठवत होती, दारात उभी आठवत होती, चहा घेऊन वाकलेली आठवत होती. या घरात तिच्यासाठी त्यांनी साधी उशी कधी शिवली नव्हती. तिने मागितली नाही, आणि त्यांना सुचलं नाही. मामांना लाज वाटली. प्रवाशांसमोर डोळे भरून आले, आणि ते पुसायला हातात करवतीखेरीज काही नव्हतं.

"आटपा," तपासनीस म्हणाले.

"करवतीला धार नाही, साहेब."

तपासनिसांनी करवतीच्या दात्यांवर बोट फिरवलं आणि झटकन मागे घेतलं. बोटातून रक्त आलं. ते त्यांनी पाहिलं, मामांकडे पाहिलं, मग बाकाकडे पाहिलं. विशेषतः जिथे ते दीड तास घोरले होते त्या जागेकडे.

"धार लावायला किती दिवस लागतील?"

"सांगता येत नाही. फार जुनी करवत आहे."

तपासनिसांनी बोट तोंडात धरून दुसऱ्या हाताने आदेशावर लिहिलं, "करवतीस धार नसल्याने काम तहकूब." मग पुस्तक मिटलं, आणि ते पुन्हा रांग लावलेल्या हेडमास्तरांच्या मागे जाऊन उभे राहिले.

मामा उठले. करवत खांबाला टेकवून ठेवली आणि दारातून बाहेर पडले. पायऱ्यांवर चार माणसं होती, त्यांच्या मागे जाऊन ते उभे राहिले. ओळीतल्या बाकीच्या घरांच्या खिडक्यांतून लोक बघत होते, की हा माणूस स्वतःच्या घरापुढे रांगेत का उभा आहे. बघू देत. पाच नंबर आली, दोघं गेले. बारा नंबर आली, टायपिस्ट नाइलाजाने चढला. रांग एकेक पायरी वर सरकत होती. मामांना आपल्याच दारात शिरायला पंचवीस मिनिटं लागली, आणि आत पाऊल टाकताना छातीत धडधडत होतं. तरुणपणी पहिल्यांदा मामींच्या घरी गेले होते तेव्हाही इतकं धडधडलं नव्हतं.

मामी पडद्याबाहेर आल्या होत्या. खांबाला टेकवलेली करवत त्यांनी पाहिली, अख्खं बाक पाहिलं. त्या आपल्या टोकाला बसल्या होत्या, मात्र कडेला, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून.

मामा समोर उभे राहिले. "बाई, जरा सरकता का?"

मामींनी वर पाहिलं. मग त्या सरकल्या.

मामा टेकले. नीट मागे टेकले. आपण केलेल्या बाकावर ते पहिल्यांदाच बसत होते.

"कुठली बस?" मामींनी विचारलं.

"सगळ्यात उशिरा येते ती."

"मग बराच वेळ आहे."

"आहे," मामा म्हणाले आणि त्यांच्याकडे वळले. डोळे सताड उघडे.

मामींनी एक पाय वर घेतला, मागे रेलल्या आणि म्हणाल्या, "मग ऐका."